रोजच्या जगण्याकडे कृतज्ञतेने आणि श्रद्धेने बघणं: नेमकं करायचं काय, आणि कुठे बिनसतं

ओंजळ

कृतज्ञ राहा, श्रद्धा ठेवा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. रोज नेमकं काय करायचं, किती वेळ करायचं आणि ते बिनसतं तेव्हा का बिनसतं, हे सहसा कोणी उलगडून सांगत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना या पद्धती शिकवायची सवय आहे किंवा ज्यांचा अभ्यास आहे, त्यांनी तपशिलात लिहावं. अनुभवकथनापेक्षा कृती आणि कारणं आली तर वाचणाऱ्याच्या हाती जास्त लागेल.

सुरुवात नोंदवहीपासून करते, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे.

साधी वही आणि पेन घ्या. फोनवर लिहू नका. लिहिता लिहिता एखादा निरोप येतो आणि मन तिकडे जातं. झोपण्याआधी दहा मिनिटं पुरतात, पण अंथरुणावर आडवं होऊन नाही, बसून लिहायचं. दिवसभरातल्या तीन गोष्टी निवडायच्या. प्रत्येक गोष्टीखाली दोन ओळी: काय घडलं आणि ते कशामुळे घडलं. दुसरी ओळ लोक गाळतात, आणि सगळा जीव त्या ओळीतच आहे. 'घरचे चांगले आहेत' ही नोंद नव्हे. 'बहिणीने न सांगता अहवाल नेऊन दिला, त्यासाठी ती अर्धा तास लवकर निघाली' ही नोंद झाली. पहिल्या वाक्यात मनाला बघायला काही नाही. दुसऱ्यात माणूस आहे, कृती आहे आणि तिने सोसलेली झीजही आहे.

ही झीज महत्त्वाची का? टेसर, गेटवुड आणि ड्रायव्हर या अभ्यासकांनी १९६८ मध्ये दाखवलं होतं की कृतज्ञता किती वाटेल हे तीन गोष्टींवरून ठरतं: समोरच्याचा हेतू, त्याला पडलेली किंमत आणि आपल्याला झालेला उपयोग. आपल्याला उपयोग तेवढा चटकन दिसतो. हेतू आणि किंमत दिसायला थांबून बघावं लागतं. नोंदवही म्हणजे हे थांबणं.

मुळात हा खटाटोप लागतो, कारण मन मिळालेल्याला सरावतं. नळाला पाणी येतं, दिवा लागतो, गुडघा न दुखता जिना चढता येतो. रोज मिळतं म्हणून हे दिसेनासं होतं. ब्रिकमन आणि कॅम्बेल यांनी १९७१ मध्ये या सरावण्याची मांडणी केली. शिवाय वाईटाचा ठसा चांगल्यापेक्षा खोल उमटतो. बाउमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचे कितीतरी पुरावे एकत्र मांडले. म्हणजे आपोआप जे दिसतं ते पूर्ण चित्र नसतंच. कृतज्ञतेने बघणं म्हणजे खोटं रंगवणं नव्हे, नजरेतून सुटलेलं परत हिशेबात घेणं.

पायवाट

ओंजळताई, फार चांगली सुरुवात. रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा, यावर मात्र ठाम सल्ले दिले जातात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध असतात.

ओंजळ

पायवाट, दोन्हींना आधार आहे, म्हणून गोंधळ होतो.

एमन्स आणि मॅकलोह यांच्या २००३ च्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, कृतज्ञता वाटावी अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटाने त्रासाच्या गोष्टी लिहिल्या, तिसऱ्याने नुसत्या घडामोडी. पहिल्या गटाला येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त उमेद वाटली, शारीरिक तक्रारी कमी राहिल्या, व्यायामही जास्त झाला. सेलिगमन आणि सहकाऱ्यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी कारणांसकट लिहिल्या. त्याचा परिणाम सहा महिन्यांपर्यंत दिसला, आणि आठवडा संपल्यावरही ज्यांनी आपणहून लिहिणं सुरू ठेवलं त्यांना फायदा जास्त झाला. याउलट ल्युबोमिर्स्की आणि सहकाऱ्यांनी सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून तीनदा लिहिणारे आणि एकदाच लिहिणारे असे गट केले, तर एकदा लिहिणाऱ्यांचंच समाधान वाढलं. वारंवार केलं की तेही सवयीचं होतं, शब्द तेच येतात, मन कोरडं राहतं.

यातून काढलेली व्यवहारी वाट अशी: पहिला आठवडा रोज लिहा, हात बसण्यासाठी. पुढे आठवड्यातले एक किंवा दोन ठरलेले वार. नोंदी एकसारख्या व्हायला लागल्या की वार कमी करा, नोंदींची संख्या वाढवू नका.

अक्षरवेल

संख्येबद्दल ओंजळ यांनी म्हटलंय त्याला जोड देते. पुष्कळ जण उत्साहाने रोज दहा-पंधरा गोष्टी लिहायला घेतात. तिथे एक अडचण दबा धरून असते.

श्वार्झ आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा प्रयोग आहे. लोकांना आपण ठामपणे वागलो ते प्रसंग आठवायला सांगितले, काहींना सहा आणि काहींना बारा. ज्यांनी बारा आठवले त्यांच्याकडे उदाहरणं दुप्पट होती, तरी त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. कारण बारा शोधताना दमछाक झाली, आणि मनाने त्या दमछाकीचाच अर्थ लावला: एवढं शोधावं लागतंय म्हणजे माझ्यात ठामपणा नसावाच. प्रयोग कृतज्ञतेवरचा नाही, पण तर्क इथे जसाच्या तसा लागू पडतो. दहावी गोष्ट सापडेना की मन म्हणतं, आयुष्यात चांगलं आहेच कुठे? म्हणून तीन पुरे. अवघड दिवशी एकच, पण तपशिलात, पाच-सहा ओळींत.

दुसरी खूण: नोंद सहज सुचली तर ती बहुधा जुनीच असते. मग प्रश्न बदलून बघा. 'आज कोणाच्या कामावर माझं काम उभं राहिलं?' 'आज काय बिघडू शकलं असतं आणि बिघडलं नाही?' 'आज शरीराच्या कोणत्या भागाने तक्रार न करता काम केलं?' एका दिवशी एकच प्रश्न घ्यायचा. वाहनचालक, रात्रपाळीची परिचारिका, रस्ता झाडणारा, पाणीपुरवठ्याच्या यंत्रांवर बसलेला माणूस, हे सगळे पहिल्या प्रश्नातून वहीत येतात. एरवी ते कधीच येत नाहीत.

नितळ

धागा आवडला. पण परिणामांबद्दल बोलताना हात आखडता ठेवावा असं माझं मत आहे, आणि ते या पद्धतींवर विश्वास असल्यामुळेच आहे.

डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अशा अनेक अभ्यासांचं एकत्र विश्लेषण केलं. काहीच न करणाऱ्यांशी तुलना केली की फरक दिसतो. दुसरा एखादा मन गुंतवणारा उपक्रम करणाऱ्यांशी तुलना केली की तो बराच आकसतो. नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर क्रेग आणि चीव्हन्स यांनी २०२१ मध्ये असंच एकत्रित विश्लेषण केलं, तिथेही परिणाम लहानच निघाला. त्यांचा सल्ला स्पष्ट आहे: या लक्षणांवर उपाय हवा असेल तर ज्यांचा पुरावा भक्कम आहे असे उपचार घ्यावेत.

म्हणून ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, भूक, कामातला रस यांपैकी बरंच हरवल्यासारखं वाटतंय, किंवा जगणं नकोसं वाटतंय, त्यांनी वही नव्हे, आधी डॉक्टर गाठावा. औषध सुरू असेल तर वहीच्या भरवशावर ते थांबवू नये. वही सोबतीला ठेवता येते, उपचाराच्या जागी नाही.

ओंजळ

नितळ यांच्याशी पूर्ण सहमत. लहान परिणामही रोजच्या जगण्यात मोलाचा असतो, पण तो लहान आहे हे माहीत असलेलं बरं. नाहीतर चमत्काराची वाट बघणारा माणूस तिसऱ्या आठवड्यात वही बंद करतो.

आता श्रद्धेकडे वळू या. दीपमाळ, तुम्ही यावर लिहाल का?

दीपमाळ

लिहितो. थोडं लांबेल.

श्रद्धेच्या नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात. एक म्हणजे 'मला हवं तेच होणार' ही खात्री. ती निकालावर टांगलेली असते. निकाल उलटा लागला की कोसळते, आणि कोसळताना माणसाला दोषी ठरवून जाते: तुझी श्रद्धाच कमी पडली. दुसरी म्हणजे 'निकाल माझ्या हातात नाही, पण माझं आजचं काम वाया जाणारं नाही, आणि मी एकटा नाही' हा भरवसा. ज्यांचा देवावर विश्वास आहे ते तो भरवसा देवावर ठेवतात. ज्यांचा नाही ते माणसांच्या चांगुलपणावर किंवा कामाच्या मोलावर ठेवतात. मी इथे दुसऱ्या प्रकाराबद्दलच बोलतोय. रोजच्या जगण्याला तोच पुरतो.

करायचं कसं? सकाळी पाच मिनिटं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे आजच्या काळजीतलं माझ्या हातात काय आहे, उजवीकडे काय नाही. उदाहरणार्थ तपासणीचा अहवाल यायचा आहे. डावीकडे: वेळेवर जाऊन आणणं, विचारायचे प्रश्न लिहून नेणं, सोबत कोणाला न्यायचं ते ठरवणं. उजवीकडे: अहवालात काय असेल ते. डाव्या बाजूच्या एका कामापुढे वेळ घालायची. उजवी बाजू मोठ्याने वाचायची आणि प्रार्थना करणाऱ्याने ती प्रार्थनेत सोपवायची. न करणाऱ्याने 'हे आज माझं काम नाही' एवढंच म्हणायचं. वही मिटायची. दुपारी काळजी परत वर येईल, येणारच. तेव्हा नवा विचार करायचा नाही, ती कोणत्या बाजूची आहे एवढंच बघायचं.

बिनसतं दोन ठिकाणी. डावी बाजू रिकामी राहते आणि सगळंच 'देवावर सोडलं' म्हणून उजवीकडे ढकललं जातं. ती श्रद्धा नव्हे, टाळाटाळ आहे. डॉक्टरांची भेट, कर्जाचा हप्ता, मागायची माफी, ही कामं डावीकडचीच. किंवा उलटं होतं, उजवीकडची गोष्ट डावीकडे येऊन बसते: मुलाने काय निवडावं, सहकाऱ्याने काय विचार करावा, वगैरे. ती ओळखायची खूण म्हणजे तिच्यापुढे वेळ घालताच येत नाही.

संध्याकाळसाठी एक जुनी, घोटीव पद्धत सांगतो. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला या ख्रिस्ती संतांनी आपल्या अनुयायांना दिवसाचं परीक्षण पाच पायऱ्यांत शिकवलं: आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग स्पष्ट दिसावं म्हणून प्रार्थना, मग दिवसाची उजळणी, मग चुकांसाठी क्षमा, शेवटी उद्यासाठी निश्चय. आभार पहिल्या पायरीवर आहेत, हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे. चुकांपासून सुरुवात केली की बरेच जण तिथेच अडकतात आणि पुढच्या पायऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. आधी मिळालेलं मोजलं की स्वतःच्या चुकीकडे घाबरून नाही, नीट बघता येतं. कोणत्याही धर्माच्या किंवा धर्म न मानणाऱ्या माणसाला हा क्रम आपल्या शब्दांत वापरता येतो. एकूण पंधरा मिनिटं.

एक इशारा. श्रद्धा दरवेळी आधारच देते असं नाही. पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वयस्क रुग्णांचा सुमारे दोन वर्षं मागोवा घेतला आणि २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. 'देवाने मला टाकलं', 'ही मला शिक्षा आहे' अशा झगड्यात असलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. त्या झगड्यामुळेच मृत्यू ओढवले असं यातून सिद्ध होत नाही. पण आजारी माणसाला 'तुझ्या कर्माचं फळ' म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. असा विचार मनात घोळत असेल तर तो एकट्याने रेटू नका. ज्याच्यावर विश्वास आहे अशा धर्मातल्या जाणत्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी मोकळं बोला.

कोवळं_ऊन

दीपमाळ, रेघेची पद्धत आजच लिहून घेतली. पण दुःखात असलेल्या माणसाने काय करायचं? घरात मृत्यू झालाय, नोकरी गेलीय, आणि वही म्हणते तीन चांगल्या गोष्टी लिहा. ते क्रूर वाटतं.

अक्षरवेल

क्रूर वाटतं, कारण तसं सांगणं क्रूरच आहे. शोकाच्या पहिल्या आठवड्यांत वही नको. कोणाला सुचवूही नका.

नंतर स्वतःला वाटलं तर क्रम बदलायचा. आधी दुःख पूर्ण लिहायचं, जेवढ्या ओळी लागतील तेवढ्या, मध्ये 'पण' न आणता. मग खाली जागा सोडून एकच प्रश्न: आज मला कोणी सावरलं? घटनेबद्दल कृतज्ञता नाही, घटनेच्या काळात भेटलेल्या हाताबद्दल. हा भेद काटेकोर पाळा. 'आजार झाला ते बरंच झालं, धडा मिळाला' असं स्वतःकडून वदवून घ्यायची काहीही गरज नाही. कधी काळी कोणाला आपणहून तसं वाटलं तर ती त्याची गोष्ट, पण त्याला तिथवर ढकलायचा हक्क इतरांना नाही.

आणि हे ठासून सांगते: जिथे मारहाण आहे, धाक आहे, अपमान आहे, तिथे त्या माणसाबद्दल कृतज्ञतेच्या नोंदी करू नका. 'तो माझ्यासाठी करतो तरी किती' असं लिहीत राहिलं की बाहेर पडायचा निर्णय लांबतो. तिथे वहीत लिहायचं ते मदत करू शकणाऱ्यांचे नंबर. कामाच्या ठिकाणी पगार थकवून 'नोकरी आहे हे नशीब समजा' म्हणणाऱ्यांनाही हेच लागू. कृतज्ञ माणूस आपला हक्क मागू शकतो, दोन्हींत विरोध नाही.

पायवाट

नोंदवहीचा कंटाळा आलेल्यांसाठी एक वेगळा प्रकार, वजाबाकीचा. कू, ॲल्गो, विल्सन आणि गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये तपासलेला. एखादी चांगली गोष्ट कशी घडली हे आठवण्यापेक्षा ती घडलीच नसती तर काय, असं लिहिणाऱ्यांना जास्त बरं वाटलं. गंमत अशी की लोकांचा स्वतःचा अंदाज याच्या उलट होता.

कृती: आयुष्यातली एक चांगली घटना घ्या, एखाद्या मित्राची ओळख किंवा एखादं शिक्षण. ती घडण्यासाठी कोणकोणत्या योगायोगांची साखळी लागली ते लिहा: त्या दिवशी त्या खोलीत असणं, कोणीतरी नाव सुचवणं, एक अर्ज वेळेत पोचणं. मग त्यातली एक कडी काढून टाका आणि आजचा दिवस कसा असता ते पाच-सहा ओळींत लिहा. शेवटी परत या: ती कडी तुटली नाही. पंधरा मिनिटांत संपवा, महिन्यातून एकदाच करा.

घटना भूतकाळातलीच हवी. 'उद्या हा माणूस नसेल तर' असं सुरू केलं की ती वजाबाकी राहत नाही, चिंता होते. मूळचा काळजीखोर स्वभाव असेल त्यांनी हा प्रकार सोडून द्यावा.

नितळ

आभार व्यक्त करण्याबद्दल कोणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहितो. वहीत राहिलेली कृतज्ञता अर्धीच असते.

सेलिगमन यांच्या त्याच २००५ च्या प्रयोगात एका गटाने, ज्याचे आभार कधी नीट मानले नव्हते अशा माणसाला पत्र लिहून स्वतः नेऊन दिलं. सगळ्या उपक्रमांत तात्काळ परिणाम याचा सर्वांत मोठा होता, पण काही महिन्यांत तो ओसरला. म्हणजे हे एकदा करून संपत नाही.

पत्र एका पानाचं असावं. त्याने काय केलं ते प्रसंगासह. त्यासाठी त्याला काय सोसावं लागलं असेल, तुम्हाला कळलं तेवढं. त्याचा आजवर कसा उपयोग होतोय. बस. त्यात मागणी नको, जुना हिशेब नको, 'आपल्यात मतभेद असले तरी' नको. जवळच्या माणसाला औपचारिक आभार परके वाटतात, तिथे 'तू हे केलंस ते माझ्या लक्षात आहे' एवढं म्हटलं तरी पोचतं.

लिहायला लोक कचरतात, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल म्हणून. कुमार आणि एपली यांनी २०१८ मध्ये नेमकं हेच तपासलं. लिहिणाऱ्यांनी समोरच्याचं अवघडलेपण जास्त धरलं होतं आणि त्याचा आनंद कमी. लिहिणारा आपले शब्द बरोबर आहेत का याची चिंता करतो, वाचणाऱ्यापर्यंत मात्र त्यातली ऊब पोचते. तेव्हा मसुदे करत बसू नका.

दीपमाळ

नितळ, उत्तम. याच धर्तीवर जपानमधली नाइकान ही पद्धत सांगायला हवी. इशिन योशिमोतो यांनी ती घडवली. एक माणूस निवडायचा, बहुधा आईपासून सुरुवात, आणि आयुष्याचा एकेक कालखंड घेऊन तीन प्रश्न विचारायचे: त्याच्याकडून मला काय मिळालं? मी त्याला काय दिलं? मी त्याला काय त्रास दिला? 'त्याने मला काय त्रास दिला' हा चौथा प्रश्न मुद्दाम नाही, कारण त्याचं उत्तर मनात तयारच असतं. मूळ शिबिर आठवडाभराचं, दिवसभर बसून करायचं असतं. घरी वीस मिनिटांत फक्त 'आज' एवढाच कालखंड घेऊन करता येतं. ज्यांना स्वतःला दोष देत राहायची सवय आहे त्यांनी तिसरा प्रश्न गाळावा, आणि ज्या नात्यात छळ झालाय ते नातं यासाठी घेऊच नये.

कोवळं_ऊन

मुलांना हे शिकवता येतं का? आणि मध्ये पाच-सात दिवस वही राहून गेली तर पुन्हा सुरुवात कशी करायची?

ओंजळ

मुलांना 'आभार मान' असं दरडावल्याने शब्द येतात, भाव येत नाही. फ्रो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांना वर लिहिलेल्या त्याच तीन गोष्टी ओळखायला शिकवल्या: हेतू, किंमत, उपयोग. मुलं त्यातून जास्त कृतज्ञ झाली. घरी प्रश्नांतून करा. 'दादाने सायकल दिली, तेव्हा त्याला स्वतःला काय सोडावं लागलं?' 'त्याने ती का दिली असेल?' दिवसाला एक प्रसंग, दोन प्रश्न. मूल गप्प राहिलं तर विषय सोडा. भांडणानंतर लगेच तर मुळीच विचारू नका, तिथे तो उपदेश वाटतो.

राहिलेल्या दिवसांची भरपाई करू नका. आठवून आठवून लिहिलेल्या नोंदी गुळगुळीत होतात, आणि वही म्हणजे थकलेलं देणं वाटायला लागतं. जुन्या पानाखाली काहीही न लिहिता नव्या पानावर आजची तारीख घाला आणि एकच नोंद करा, दोन ओळींची. वेळ रात्रीचीच का राहून जाते हे मात्र बघा. झोपेने डोळे मिटत असतील तर वही संध्याकाळी घरी आल्यावर लगेच उघडा, आणि पेन वहीतच अडकवून ठेवा.

कोवळं_ऊन

संध्याकाळची वेळ ठरवते, आणि वार दोन: बुधवार आणि रविवार. दीपमाळ, सकाळची रेघ मात्र रोज चालेल ना?

दीपमाळ

काळजीचा विषय असेल त्या दिवशीच काढा. नसेल त्या दिवशी पान कोरं राहू द्या.